भुयारी गटार योजनेला अनुदान मिळते, पण शुद्धीकरण प्रकल्पाचे वीजबिल कोणत्या खात्यातून द्यायचे?

निवृत्त लेखापाल:

नमस्कार मंडळी. मी एका 'ब' वर्ग नगरपरिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने अनेक गावांना लागू पडेल. आमच्याकडे भुयारी गटार योजना मंजूर झाली तेव्हा फाइलवर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा आणि नगरपरिषदेचा स्वहिस्सा हे सगळे रकाने भरलेले होते. प्रकल्प सुरू झाल्यावर दरमहा येणारे वीजबिल कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, हा रकानाच त्यात नव्हता. सुरुवातीची देखभाल-दुरुस्ती ठेकेदाराच्या करारात होती, म्हणून दोन वर्षे निभावले. तिसऱ्या वर्षी बिल आमच्या टेबलावर आले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः जाऊन पाहिले, तर यंत्रे दिवसातून चार-पाच तास चालत होती आणि उरलेला वेळ मैलापाणी बायपासने ओढ्यात जात होते. नोंदवहीत अर्थातच चोवीस तासांची नोंद होती.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशभरातील प्रकल्पांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार शहरांमध्ये रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३५ दशलक्ष लिटर. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती पहिल्या दोन आकड्यांमधल्या दरीची. लेखापाल म्हणून माझी नजर दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यावर जाते. जवळजवळ साडेअकरा हजार दशलक्ष लिटरची क्षमता अशी आहे की तिच्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊन चुकला आहे आणि ती काम करत नाही.

म्हणून प्रश्न असा मांडतो. सांडपाणी प्रकल्पांसाठी पैसा नाही असे आपण म्हणतो, तेव्हा नेमका कोणता पैसा नसतो? उभारणीचा, चालवण्याचा, की घरापासून वाहिनीपर्यंतच्या जोडणीचा? या तिन्हींची तरतूद वेगवेगळ्या वाटांनी व्हावी लागते, आणि आपण त्यांतल्या पहिल्याचीच योजना करतो, असे माझे मत झाले आहे. इतर गावांचा आणि शहरांचा अनुभव वाचायला आवडेल.

मुठेकाठचा:

लेखापालसाहेब, आपला तिसरा आकडा महत्त्वाचा आहे हे मान्य. पण मोठ्या शहरांत पहिली, म्हणजे उभारणीच्या पैशाची वाटसुद्धा सरळ नसते. पुण्याचेच उदाहरण घ्या. मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रणाचा प्रकल्प केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केला. ९९० कोटी २६ लाखांचा खर्च, त्यात केंद्राचा वाटा ८५ टक्के म्हणजे ८४१ कोटी ७२ लाख आणि महापालिकेचा १४८ कोटी ५४ लाख. त्यातून रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ शुद्धीकरण केंद्रे उभारायची आणि ४७७ ची जुनी क्षमता ८७३ वर न्यायची, असे ठरले. मुदत होती जानेवारी २०२२. निविदा प्राकलनापेक्षा, म्हणजे अंदाजित खर्चापेक्षा, बऱ्याच चढ्या दराने आल्या, त्या रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या, आणि ज्या वर्षी प्रकल्प पूर्ण व्हायचा त्याच वर्षी प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली.

मधल्या सहा वर्षांत शहर वाढले, गावे महापालिकेत आली, पोलाद आणि सिमेंटचे भाव वाढले. केंद्राची मंजुरी मात्र एका आकड्याला बांधलेली असते. पैसा हाताशी असूनही तो वेळेत खर्च करता आला नाही, तर त्याचा आकार आपोआप लहान होतो. अनुदानाच्या हिशेबात हा घसारा कुणी धरत नाही.

शंकेखोर:

पुण्याने जपानकडून कर्ज काढले, असे मी ऐकत आलो आहे. मग ते अनुदान कसे?

मुठेकाठचा:

जपानच्या 'जायका' या संस्थेने कर्ज दिले ते भारत सरकारला. १९.०६४ अब्ज येन, वार्षिक व्याज ०.३० टक्के, मुदत ४० वर्षे आणि त्यात पहिली दहा वर्षे परतफेडीची सवलत. येनचा भाव वरखाली झाला तर ती जोखीम केंद्राची. महापालिकेच्या पदरात ही रक्कम अनुदान म्हणून पडते. म्हणजे पुणेकरांनी कर्ज घेतले हे म्हणणे बरोबर नाही. देशाने घेतले आणि पुण्याला दिले, असे म्हणावे लागेल. नागपूरच्या नागनदी प्रकल्पातही रचना अशीच आहे, पण वाटे निराळे आहेत. ते नागपूरकरांनी सांगावेत.

यंत्रघर:

मी गेली पंधरा वर्षे सांडपाणी प्रकल्पांच्या संचालनात काम करतो आहे, म्हणून थोडा तांत्रिक हिशेब मांडतो. त्याशिवाय पैशाची चर्चा हवेत राहील.

दरडोई १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, हे नियोजनाचे प्रमाण धरले तर रोज एक कोटी लिटर, म्हणजे १० एमएलडीचा प्रकल्प साधारण ९२ हजार लोकवस्तीला पुरतो. ढोबळ मानाने २० हजार घरे. पद्धत एसबीआर असो की एमबीबीआर (दोन्हींत हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाववतात), एक दशलक्ष लिटर शुद्ध करायला दीडशे ते सव्वादोनशे युनिट वीज लागते, आणि तिचा मोठा वाटा हवा पुरवणाऱ्या ब्लोअरचा असतो. युनिटचा दर ८ रुपये धरा. महिन्याचे बिल साडेतीन ते साडेपाच लाखांच्या मध्ये येईल, म्हणजे घरटी १८ ते २७ रुपये. त्यात पंपिंग स्टेशनची वीज, क्लोरीन, गाळ वाळवणे आणि वाहून नेणे, प्रयोगशाळा, तीन पाळ्यांतील माणसे आणि पंपांची दुरुस्ती मिळवली, तर ही रक्कम फार तर तिप्पट होते. सगळे धरून घरटी महिना ऐंशी रुपयांच्या आसपास. केबलचे भाडे यापेक्षा जास्त असते.

आता दुसरी बाजू. लेखापालसाहेबांना दिसलेली चार तासांची पाळी बहुतेक वीजबिलामुळेच असेल. पण अनेक ठिकाणी यंत्र थांबण्याचे कारण असे असते की पाणीच पोहोचत नाही. मुख्य वाहिनी टाकली, केंद्र उभे राहिले, उद्घाटन झाले, पण घरे जोडलीच नाहीत. १० एमएलडीच्या टाकीत दोन एमएलडी पाणी येत असेल, तर जिवाणूंची उपासमार होते आणि प्रक्रिया बिघडते. मग तो प्रकल्प 'नादुरुस्त' म्हणून गणला जातो आणि दुरुस्तीसाठी नवे अनुदान मागितले जाते.

तिसरे, दर्जाची अट बदलत राहते. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बीओडीची (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मर्यादा महानगरांसाठी २० आणि इतरांसाठी ३० होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती १० वर आणली. पाणी जितके अधिक स्वच्छ हवे तितका शेवटच्या टप्प्याचा खर्च वाढतो, आणि ती वाढ आधी मंजूर झालेल्या प्राकलनात कुठेच नसते. अट कडक करण्याला माझा विरोध नाही, मात्र अट घालणाऱ्याने तिच्या खर्चाचाही विचार मांडायला हवा.

शंकेखोर:

माझ्या मालमत्ता कराच्या बिलात दरवर्षी मलप्रवाहाच्या नावाखाली रक्कम येते, आणि ती मी भरतो. यंत्रघर यांच्या हिशेबाने महिन्याला ऐंशी रुपये पुरतात, तर वर्षाचे ९६० झाले. माझी रक्कम त्याहून फार कमी नाही. तरीही आमच्या नाल्याला वास येतोच. मग हा पैसा जातो कुठे? नव्या कराची भाषा करण्याआधी जुन्या कराचा हिशेब मिळावा, ही माझी मागणी अवाजवी आहे का?

निवृत्त लेखापाल:

अजिबात अवाजवी नाही. उलट याच प्रश्नासाठी मी हा धागा काढला.

तुमची रक्कम नगरपालिकेच्या सर्वसाधारण निधीत जमा होते. तिथे गेल्यावर तिच्यावर 'मलप्रवाह' अशी चिठ्ठी राहत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार, निवृत्तिवेतन, रस्त्यांवरच्या दिव्यांचे बिल आणि कचरा ठेकेदार असे सगळे एकाच ताटात जेवायला बसतात. सांडपाणी प्रकल्प पंगतीच्या शेवटी असतो, कारण तो बंद राहिला तरी त्या दिवशी कुणी मोर्चा आणत नाही. पाणीपुरवठा एक दिवस बंद ठेवून बघा.

यावर उपाय जुना आहे, आणि तो मुंबईने केलेला आहे. १९७० च्या दशकात मुंबईच्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारण योजनांसाठी जागतिक बँकेकडून कर्ज घेण्यात आले, तेव्हा या दोन कामांचा जमाखर्च बाकीच्या महापालिकेपासून वेगळा काढण्यात आला. मुंबईच्या अर्थसंकल्पात त्याचा भाग स्वतंत्र मांडला जाऊ लागला. मलनिःसारण आकार पाणीपट्टीच्या ठरावीक टक्क्यांनी लावला जातो, आणि मीटर असलेल्या ग्राहकाकडून तो पाणीपट्टीच्या ७० टक्के दराने वसूल होतो. वेगळ्या खात्याचा फायदा असा की तूट दिसते, आणि दिसली की तिच्यावर प्रश्न विचारता येतो. आमच्या गावात तूट दिसतच नव्हती, कारण तिला खातेच नव्हते.

आज मुंबई वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात ठिकाणी मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी केंद्रे बांधते आहे. त्यांचे भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ रोजी झाले आणि त्यांचा मोठा भार महापालिका स्वतःच्या पैशातून उचलते आहे. हे काम आधी व्हायला हवे होते यात वाद नाही. पण वेगळे खाते आणि स्वतःची ठेव नसती, तर ते आजही सुरू झाले नसते.

नागनदी:

नागपूरचे वाटे विचारले होते, ते असे. नागनदी प्रकल्पाचा सुधारित खर्च १,९२६ कोटी ९९ लाख आहे. त्यात केंद्राचे १,११५ कोटी २२ लाख, राज्याचे ५०७ कोटी ३६ लाख आणि महापालिकेचे ३०४ कोटी ४१ लाख. म्हणजे पुण्यापेक्षा आम्हाला स्वतःचा खिसा जास्त सैल करावा लागतो आणि राज्यालाही.

पण मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. नागपूरने सांडपाणी विकून दाखवले. भांडेवाडीचे मैलापाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याचा करार महापालिका आणि महाजनको ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी यांच्यात २००८ मध्ये झाला, आणि उभारणीला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या तेव्हाच्या शहरविकास योजनेचे अनुदान मिळाले. वीज केंद्राला शीतकरणासाठी पाणी हवेच होते. ते पेंच धरणातून घेतले असते, तर तेवढे पाणी पिण्याच्या कोट्यातून गेले असते. इथे महापालिकेला उत्पन्न मिळते, वीज कंपनीला उन्हाळ्यातही खात्रीचे पाणी मिळते आणि पेंचचे पाणी शहराकडे राहते. पुढे जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात, सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक करण्यात आले. सुरतने हाच विचार कापड उद्योगासाठी केला. बमरोलीला ४० एमएलडीचे तृतीय स्तराचे, म्हणजे कारखान्यात वापरण्याइतके पाणी शुद्ध करणारे केंद्र बांधून पांडेसरा औद्योगिक वसाहतीला पाणी विकले जाते. गाझियाबादने २०२१ मध्ये ८.१ टक्के व्याजाने १५० कोटींचे हरित रोखे काढले, ते साहिबाबादच्या कारखान्यांना असेच पाणी देण्यासाठी.  

पंचगंगा:

नागनदी दादा, उदाहरण उत्तम आहे, पण आमच्या कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या नगरपरिषदेच्या शेजारी औष्णिक वीज केंद्र कुठून आणायचे? पाणी घेणारा मोठा ग्राहक असणे हा त्या गावाच्या नशिबाचा भाग असतो. कोल्हापूर शहराने कसबा बावड्याला ७६ एमएलडीचे आणि दुधाळीला १७ एमएलडीचे केंद्र बांधले, ते न्यायालयाचा रेटा आणि नदीकाठच्या गावांचे आंदोलन यांच्यानंतर. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली. तेव्हा ज्यांनी आपल्या घरातली माणसे गमावली, ते वरच्या गावांतल्या गटारांचे करदाते नव्हते.

माझा मुद्दा इथेच आहे. यंत्रघर यांनी घरटी ऐंशी रुपये काढले ते बरोबर असेल. पण ते ऐंशी रुपये वरच्या गावाने द्यायचे आणि फायदा खालच्या गावाला व्हायचा. वरच्या गावातला मतदार नगरसेवकाला विचारतो की आमच्या गल्लीतले पाणी तुंबत नाही ना, मग पुढे काय होते त्याच्याशी आम्हाला काय करायचे. प्रश्न नदीखोऱ्याचा आणि कर मात्र गावचा, ही विसंगती आहे. म्हणून राज्याने चालवण्याच्या खर्चातही हिस्सा उचलावा असे मला वाटते. 'ज्याने घाण केली त्याने द्यावे' हे तत्त्व चुकीचे नाही, पण ज्याला त्रास होतो त्याच्या हातात वसुलीचे कोणतेच साधन नसते.

निवृत्त लेखापाल:

पंचगंगाताई, आपला आक्षेप मी डोक्यावर घेतो. कायद्याच्या बाजूने एक भर घालतो. पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी हाच प्रश्न हाताळला होता. सांडपाणी केंद्रे उभारण्यासाठी आणि चालवण्यासाठी निधी कसा जमवायचा याचे निकष ३१ मार्च २०१७ पर्यंत ठरवावेत आणि पुढच्या आर्थिक वर्षापासून अमलात आणावेत, आणि निकष ठरले नाहीत तर बंद पडलेली केंद्रे चालवण्याचा खर्च राज्य सरकारांनी स्वतःच्या तिजोरीतून करावा, असा तो आदेश होता. म्हणजे आपण म्हणता तो राज्याचा हिस्सा न्यायालयाने आधीच सांगितलेला आहे.

पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने महाराष्ट्रावर घन आणि द्रव कचऱ्याच्या हेळसांडीबद्दल १२,००० कोटींची पर्यावरण भरपाई बसवली, आणि तिचा बहुतांश भाग शुद्ध न होणाऱ्या सांडपाण्याचा होता. हिशेबाचे सूत्र दर एमएलडी तुटीमागे दोन कोटी रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तो भाग वेगळा. पण दंडाचा दर आणि प्रकल्प बांधण्याचा दर इतके जवळ आले की कोणत्याही लेखापालाने बांधणेच स्वस्त म्हणावे.

पल्याडचा:

गेली वीस वर्षे मी अमेरिकेत आहे आणि एका लहान गावाच्या पाणी विभागाचे हिशेब तपासण्याचे काम करतो. इथला इतिहास या चर्चेला उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

१९७२ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर इथेही केंद्र सरकार गावांना बांधकामाच्या ७५ टक्के अनुदान देत असे. गावांनी मोठमोठी केंद्रे बांधली, काहींनी गरजेपेक्षा मोठी, कारण जास्तीचा पैसा वॉशिंग्टनचा होता. पुढे तो वाटा ५५ टक्क्यांवर आला. १९८७ मध्ये अनुदानाची ही पद्धत गुंडाळण्याचे ठरले आणि प्रत्येक राज्यात फिरता निधी स्थापन झाला. केंद्र सरकार त्यात भांडवल घालते, राज्य त्याच्यावर २० टक्के भर घालते, आणि गावांना बाजारापेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळते. गाव फेडते तो पैसा पुढच्या गावाला जातो.

याचा एक परिणाम कागदावर दिसत नाही. कर्ज देताना राज्य आधी विचारते की तुमचे मलप्रवाह बिल किती आहे आणि त्यातून चालवण्याचा खर्च व हप्ता दोन्ही निघतात का. निघत नसतील तर आधी दर ठरवा, मग या. आमच्या गावात सांडपाण्याचे बिल पाण्याच्या बिलापेक्षा जास्त आहे, आणि त्याबद्दल लोक कुरकुर करतातच. पण शुद्धीकरण केंद्र बंद ठेवून वीज वाचवण्याचा विचार इथे कुणाच्या मनात येत नाही, कारण तो हप्ता गावाच्या पतपात्रतेवर उभा आहे. अनुदानाने बांधलेली वस्तू सरकारची वाटते. कर्जाने बांधलेली आपली वाटते, तिचा राग आला तरी.

मुठेकाठचा:

पल्याडचे साहेब, विचार पटला, पण कर्ज फेडण्याची पत आपल्याकडे किती गावांकडे आहे? पुण्याने २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले. केंद्राची प्रोत्साहन रक्कम होती दर शंभर कोटींमागे १३ कोटी, म्हणजे पुण्याला २६ कोटी. ती साधारण पावणेदोन वर्षांच्या व्याजाइतकी होते. पिंपरी-चिंचवडनेही २०२३ मध्ये २०० कोटी उभे केले. त्याच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, नाशिकने पाणी आणि मलनिःसारणासाठी १०० कोटींचे रोखे काढले होते, तेव्हा व्याज होते १४.७५ टक्के. म्हणजे महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. पण ही सगळी नावे महापालिकांची आहेत. आधी जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि आता जीएसटी भरपाईचा हप्ता कधी येतो याकडे डोळे लावून बसावे लागते. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी रोखे घेऊन शेअर बाजारात जातील, हे चित्र मला दिसत नाही.

निवृत्त लेखापाल:

एकटे जाणार नाहीत, मोट बांधून जातील. तमिळनाडूने २००२ मध्ये १३ लहान नागरी संस्थांना एकत्र करून सुमारे ३० कोटींचे रोखे काढले. मुदत १५ वर्षे, व्याज ९.२० टक्के. कोणतेही एक गाव बाजारात गेले असते तर त्याला कुणी दारात उभे केले नसते. इथे राज्याने मध्ये एक निधी उभा केला, हप्ता चुकला तर गावाला मिळणाऱ्या राज्याच्या वाट्यातून तो वळता करण्याची सोय केली, आणि अर्ध्या मुद्दलाला अमेरिकेच्या विकास संस्थेने हमी दिली. पल्याडच्या साहेबांनी सांगितलेल्या फिरत्या निधीचा हा धाकटा भाऊच म्हणा.

आपल्याकडे आज या दिशेला जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. अमृत २.० या केंद्राच्या २०२१ च्या शहरी पाणी-सांडपाणी योजनेत केंद्राचा वाटा एक लाखाखालच्या शहरांना निम्मा, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश आणि त्यावरच्या शहरांना २५ टक्के आहे. मोठ्यांनी जास्त उचलावे हे त्यात गृहीत आहे. दुसरी, २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला नागरी पायाभूत विकास निधी. वर्षाला १० हजार कोटी, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेमार्फत, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या शहरांसाठी. हे कर्ज राज्याला मिळते. राज्याने ते गावाला पुन्हा अनुदान म्हणून वाटले तर आपण जिथून निघालो तिथेच येऊ. गावाच्या मलप्रवाह खात्यावर परतफेडीची जबाबदारी टाकून दिले, तर फिरता निधी तयार होईल.

मांडवी:

गोव्यातून एक भर घालते. आमच्याकडे जायकाच्या कर्जातून २००७ पासून मडगाव, म्हापसा आणि उत्तरेच्या किनारपट्टीसाठी मलनिःसारणाची कामे झाली, आणि त्यासाठी राज्याचे स्वतंत्र महामंडळही आहे. पैसा, यंत्रणा आणि कायदा तिन्ही होते. अडले ते यंत्रघर यांनी सांगितलेल्या जोडणीपाशी. घरात चांगली चालणारी सेप्टिक टाकी असताना अंगण खोदून, फरशी फोडून, वर पैसे देऊन जोडणी कोण घेणार? माझ्या आईने तीन वर्षे नकार दिला. सेप्टिक टाकीच्या सोकपिटमधले पाणी आमच्याच विहिरीत मुरते, हे तिला पटवायला पाण्याची तपासणी करून घ्यावी लागली.

घरजोडणीचा खर्च हा खाजगी खर्च आहे असे समजून तो योजनेतून वगळला जातो. मला वाटते की तो प्रकल्पाच्या खर्चातच धरायला हवा, वाटल्यास सुलभ हप्त्यांनी बिलातून वसूल करावा.

यंत्रघर:

मांडवीताई, अगदी बरोबर. याच्या उलट्या टोकाचे उदाहरण चेन्नईजवळच्या आलंदूरचे आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेने काम सुरू होण्याआधीच घरोघरी जाऊन जोडणीसाठी पाच हजार रुपयांची ठेव घेतली. लोकांनी दिली, कारण नगराध्यक्ष आणि रहिवासी संघटना दारोदार फिरल्या होत्या. ज्याने आधी पैसे भरले आहेत तो जोडणी मागायला स्वतः येतो. केंद्र खाजगी कंपनीने बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर उभारले. कंपनीला त्यात पडावेसे वाटले, कारण पाणी येणार याची खात्री त्या ठेवींनी दिली होती.

मोठ्या प्रमाणावर 'नमामि गंगे'ने २०१७ पासून वाराणसी आणि हरिद्वारला जी पद्धत आणली, ती मला संचालक म्हणून सर्वांत प्रामाणिक वाटते. बांधकामाच्या खर्चाचे ४० टक्के बांधताना मिळतात. उरलेले ६० टक्के १५ वर्षांच्या हप्त्यांत, आणि ते शुद्ध पाण्याच्या दर्जाशी बांधलेले. यंत्र चार तास चालवले तर नुकसान नगरपालिकेचे होत नाही, ठेकेदाराचे होते. त्यामुळे ठेकेदार बांधताना स्वस्त ब्लोअर बसवत नाही, कारण वीज जास्त खाणारे यंत्र पुढे त्यालाच महाग पडते.

शंकेखोर:

आणि १५ वर्षे हप्ता द्यायला नगरपालिकेकडे पैसा नसेल तर? आज वीजबिल थकते, उद्या ठेकेदाराचा हप्ता थकेल. शिवाय पाण्याचा दर्जा मोजणार कोण? ठेकेदाराचीच प्रयोगशाळा?

यंत्रघर:

हप्ता थकू नये म्हणून गंगेच्या करारांत पैशाची हमी केंद्राच्या बाजूने आहे. नगरपरिषदेच्या करारात ती राज्याने द्यावी लागेल, आणि इथे पंचगंगाताईंचा मुद्दा परत येतो. मोजमापाबद्दल आपली शंका योग्य आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर ऑनलाइन मापक बसवतात, पण मापकाची नळी स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वीजमीटर मात्र सहसा खोटे बोलत नाही. १० एमएलडी शुद्ध केल्याचा दावा असेल आणि त्या दिवशी तीनशे युनिट जळले असतील, तर प्रयोगशाळेचा अहवाल वाचायची गरज नाही. हप्ता देण्याआधी रोजचे युनिट आणि रोजचे पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावे, एवढी एक अट करारात घातली तरी पुष्कळ होईल.

पंचगंगा:

हे वीजबिल नागरिकाला मिळू शकते का?

निवृत्त लेखापाल:

मिळते. नगरपरिषदेच्या नावावरचे प्रत्येक वीज जोडणीचे बिल हा सार्वजनिक अभिलेख आहे, माहिती अधिकारात मागता येतो. अर्जात सांडपाणी केंद्राच्या आणि प्रत्येक पंपिंग स्टेशनच्या जोडणीचा ग्राहक क्रमांक, मागील २४ महिन्यांचे युनिट, आणि त्याच काळात केंद्रात आलेल्या पाण्याच्या नोंदवहीची प्रत अशा तीनच गोष्टी मागा. सोबत मलप्रवाह करातून जमा झालेली रक्कम आणि त्या कामावर झालेला खर्च, दोन वर्षांचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली, म्हणजे ठरावीक कामासाठीच राखली, निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पाण्यासाठी. तिच्यातला किती पैसा सांडपाणी केंद्राकडे गेला, हाही प्रश्न त्याच अर्जात बसतो.

शंकेखोर साहेब, तुमच्या नगरपालिकेचे हे आकडे हाती आले की इथेच टाका. मी त्यांचे वेगळे मलप्रवाह खाते मांडून देतो. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, आणि घरटी किती कमी पडतात ते खाली.

शंकेखोर:

सोमवारी अर्ज देतो.